डब्बा टीव्हीला लॅपटॉप जोडायचा एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर, दोन महिने वापरून लिहितेय

आमच्या लालबागच्या खोलीत २१ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे, २००३ चा, अजून मस्त चालतो आणि बाबा तो काढायला अजिबात तयार नाहीत, चालती वस्तू भंगारात द्यायची नाही असं त्यांचं ठाम मत. मलाही पटतं ते. अडचण एवढीच की मागे एचडीएमआय (लॅपटॉप जोडायचं नव्या टीव्हीला असतं ते चपटं भोक) नाही, फक्त जुन्या पद्धतीची एव्हीची भोकं, चित्राचं एक पिवळं आणि आवाजाचं एक पांढरं, आणि ताईच्या लग्नाच्या व्हीसीडी मी लॅपटॉपवर उतरवून ठेवलेल्या त्या सगळ्यांना एकत्र बसून बघायच्या होत्या, कारण व्हीसीडी प्लेयर बंद पडून जमाना झाला.

पहिल्यांदा मी फसले ते आधी सांगते. एका दुकानातून नुसती वायर आणली, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल पांढरी पिवळी पिन. लावली, काहीच आलं नाही, टीव्ही निळाच. नंतर कळलं की ती कधी चालणारच नव्हती, कारण एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो आणि या टीव्हीला अॅनालॉग लागतो, मध्ये बदल करणारं सर्किट नसेल तर नुसत्या वायरीने काय होणार. दुकानदाराने परत घेतली नाही, दीडशे रुपये गेले. म्हणून कळकळीने सांगते, तशी वायर कोणीही कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नका.

मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले आणि तिथून हा कन्व्हर्टर आणला, छोटा पांढरा डबा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, साडेतीनशेला. घेताना एक गोष्ट नीट बघा, अगदी असाच दिसणारा उलटा डबा पण मिळतो, एव्ही टू एचडीएमआय, तो जुना प्लेयर नव्या टीव्हीला जोडायचा. आपल्याला एचडीएमआयच्या बाजूला इनपुट आणि तीन पिनांच्या बाजूला आउटपुट लिहिलेला हवा. मी काउंटरवरच टेस्ट करून द्या म्हटलं, त्यांनी लगेच लावून दाखवलं.

घरी जोडायला पाच मिनिटं. लॅपटॉपची एचडीएमआय वायर डब्यात, पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, टीव्हीच्या रिमोटवर एव्ही दाबायचं, आणि लॅपटॉपवर विंडोज बटण धरून पी दाबून डुप्लिकेट निवडायचं. चित्र आलं पण कृष्णधवल! मी घाबरले, टीव्ही गेला की काय. डब्याच्या बाजूला बारीक स्विच असतो, पाल आणि एनटीएससी (रंगीत टीव्हीच्या सिग्नलच्या दोन पद्धती), तो एनटीएससीवर होता. आपल्याकडचे टीव्ही पालचे, स्विच सरकवल्या सरकवल्या रंग आले.

चित्र मध्येच लुकलुकत होतं ते पॉवरमुळे. डब्याला ५ व्होल्ट लागतात, लॅपटॉपच्या यूएसबीतून देत होते तर नीट चालेना, मोबाईलचा जुना चार्जर लावला आणि थांबलं.

आवाजाचं मात्र मला दोन दिवस कळेना. सनई एकदम खणखणीत आणि मंगलाष्टका पार खोल विहिरीतून आल्यासारख्या. झालं असं की त्या व्हीसीडीत वरून घातलेलं संगीत एका बाजूला आणि मांडवातला खरा आवाज दुसऱ्या बाजूला आहे, आणि आमच्या टीव्हीला एकच पांढरं भोक, म्हणजे दुसऱ्या बाजूचा, लाल पिनेतला आवाज कुठे जातच नव्हता. दुकानात विचारलं तर म्हणाले टीव्हीच बदला. पण उपाय फुकटातला आहे, विंडोजच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन ऑडिओखाली मोनो ऑडिओ चालू करायचं, दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात. ज्यांच्या टीव्हीला एकच आवाजाचं भोक आहे त्यांनी हे पहिलंच करून टाका.

आणखी एक, लॅपटॉपची स्क्रीन रुंद आणि टीव्ही चौकोनी, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे उभट दिसतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ८०० बाय ६०० केलं की माणसं माणसांसारखी दिसतात. कडा थोड्या कापल्या जातात, खालची घड्याळाची पट्टी आमच्याकडे अर्धीच दिसते, त्याला इलाज सापडला नाही.

कशासाठी घेऊ नका ते पण सांगते. वाचायचं, टाईप करायचं, ऑफिसचं काम यासाठी बिलकुल नाही, टीव्हीवर जेमतेम ५७६ ओळींचं चित्र येतं त्यामुळे बारीक अक्षरं फुटतात, अर्ध्या तासात डोळे दुखतात. पैसे भरून बघायच्या अॅपवरचे सिनेमे कॉपीच्या संरक्षणामुळे या डब्यातून दिसतीलच असं नाही. कीर्तनं, नाटकं, घरचे व्हिडिओ, फोटो यासाठी मात्र उत्तम.

आणि व्हीसीडीसाठी तर माझ्या मते याच्यापेक्षा चांगलं काही नाही. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८, नव्या मोठ्या स्क्रीनवर ते ताणून ताणून नुसते चौकोन दिसतात, लॅपटॉपवर मला आजीचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता. या टीव्हीवर तेच चित्र मऊ आणि भरीव दिसतं, कारण ते अशाच टीव्हीसाठी बनवलेलं. हळदीच्या दिवशी आजी जात्यावर बसून ओवी म्हणतेय, मोनो केल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा स्पष्ट आला. बाबा खुर्ची पुढे ओढून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "अगं, आईच्या हातात अजून त्या हिरव्या बांगड्या आहेत बघ." तो तुकडा आम्ही तीनदा लावला, आई तर रडलीच.

मागचं पिवळं भोक थोडं सैल आहे, पिन हलली की चित्र जातं. स्वतः मागचं झाकण उघडू नका, प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. आमच्या खालच्या माळ्यावर एक जुने टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, ते रविवारी येणारेत, आणि मामीने तिच्याकडच्या चार व्हीसीडी आत्ताच पाठवून दिल्यात.