सर्व्हर स्वतः निवडावा की मॅचमेकिंगवर सोडावं?

भाच्याने गेल्या महिन्यात ऑनलाइन गेम खेळायला नवा पीसी जुळवला आणि फोन केला, "मामा, सरळ प्ले दाबू की यादीतून सर्व्हर शोधू?" सर्व्हर म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर सामना चालतो तो. प्ले दाबलं की खेळच तुमच्या तोलाचे खेळाडू आणि सर्व्हर जुळवून देतो, ते मॅचमेकिंग. तेव्हा घाईत जे सांगितलं, ते इथे नीट लिहितो. मी दोन्हींत बरीच वर्षं घालवली आहेत.

शिकलो ते कर्वे रस्त्यामागच्या एका नेट कॅफेत, काउंटर-स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या खेळावर. कुणीतरी सर्व्हर सुरू करायचं, यादीत नाव दिसलं की आपण शिरायचं. मॅचमेकिंगची सवय लावली ती २००४ च्या हेलो २ या खेळाने. बटण दाबा, बाकीचं खेळ बघेल.

मॅचमेकिंगच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. त्यामागचं गणित खरोखर सुंदर आहे. खेळाडूचं कौशल्य आकड्यात मांडणारी इलो पद्धत बुद्धिबळासाठी, म्हणजे एकास एक लढतीसाठी बनलेली. मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किल या पद्धतीने ती कल्पना टीमपर्यंत नेली, आणि खेळाडूच्या कौशल्याच्या अंदाजाबरोबर त्या अंदाजाची खात्री किती, हेही मोजलं. अशा पद्धतीत सुरुवातीच्या सामन्यांत आकडा जोरात वरखाली होतो आणि मग स्थिरावतो. नवख्याला याचा फार आधार असतो. खुल्या सर्व्हरवर एखादा कसलेला खेळाडू आला तर बाकीच्यांची संध्याकाळ वाया जाते. त्यात काही ठिकाणी ॲडमिनची, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याची मनमानी: त्याला दोनदा मारलंत की तुम्ही बाहेर! हे सगळं मी सोसलंय.

यादीचा मोठा फायदा म्हणजे आत जाण्याआधी पिंग, मॅप आणि माणसं दिसतात. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत; कमी तेवढा चांगला. माझ्या घरून मुंबईचा सर्व्हर १०-१५ दाखवतो, सिंगापूरचा ७० च्या वर. मॅचमेकिंगमध्येही काही खेळांत पिंगची मर्यादा घालता येते. पण रात्री साडेअकरानंतर मर्यादा कडक ठेवली की रांग हलत नाही आणि सैल केली की गोळी आधी लागते, माणूस नंतर दिसतो. निदान माझा तरी हाच अनुभव.

पण माझा निर्णय पिंगवर झाला नाही. मध्येच उठता येत नाही, यावर झाला.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये रँकचा, म्हणजे हारजितीवर क्रमवारी ठरणारा सामना म्हणजे पाचास पाच, १३ राउंड जिंकेपर्यंत. चुरशीचा झाला की सहज ४० मिनिटं. माझ्या घरात लहान मूल आहे, आई आहे. एकदा नवव्या राउंडला मुलगी रडत उठली, मी हेडफोन काढून गेलो. परत आलो तर सामना सोडला म्हणून काही काळ खेळायची बंदी लागलेली. पुढे एका गुरुवारी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालू होता, पीसी बंद. या वेळची बंदी पहिलीपेक्षा लांब होती. शिक्षा चूक आहे असं मी म्हणत नाही. चार अनोळखी मुलं माझ्यामुळे कमी माणसात खेळून हरली, त्यांची वेळही वेळच. जी गोष्ट खरोखर बोचली, ती हीच. त्यानंतर सामना सुरू असताना आईने हाक मारली की "आलोच गं" म्हणून मी बसून राहायला लागलो. ते मला स्वतःलाच आवडेना.

यादीतल्या कम्युनिटी सर्व्हरवर, म्हणजे खेळाडूंनीच चालवलेल्या सर्व्हरवर, मी राउंडच्या मधोमध उठतो. जागा रिकामी होते, पाच मिनिटांत दुसरा कुणी येऊन बसतो, खेळ चालू राहतो. दहा मिनिटांनी परत गेलो तर तीच माणसं असतात, "आला का?" एवढं विचारतात.

म्हणूनच कंपन्यांनी यादी काढून टाकली की मला वाईट वाटतं. २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये पीसीवर डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे, यादीतून निवडायचे) दिले नाहीत, तेव्हा खेळाडूंनी निषेधाची याचिका काढली. टीम फोर्ट्रेस २ मध्ये २०१६ च्या जुलैत क्विकप्ले (चालू सर्व्हरवर आपोआप नेऊन बसवणारं बटण) जाऊन मॅचमेकिंग आलं, यादी तेवढी राहिली. नवख्यांना यादीत गोंधळायला होतं हे कारण मला पटतं. पण त्यासाठी यादी काढून टाकायची काय गरज? काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आजही दोन्ही आहेत आणि काही बिघडत नाही.

होस्टेलवर असाल, पाच जणांची टोळी ठरलेली असेल आणि रँक चढायची असेल, तर मॅचमेकिंगच घ्या, मी अडवणार नाही. नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर मिळत असेल, तर माझ्या मते यादी बरी. भाच्याला सांगितलं, पहिले दोन आठवडे मॅचमेकिंगवर हात बसव. मग यादी पिंगप्रमाणे लाव, निम्म्याहून जास्त भरलेला सर्व्हर निवड आणि दोन राउंड नुसता बघत बस. ॲडमिन कसा बोलतो ते तेवढ्यात कळतं. पटला तर फेव्हरिटमध्ये टाक आणि रोज त्याच वेळी ये. साडेदहाला मी तिथे असतो.