टाकीतला गंज आणि सातपूरचे एक गॅरेज
गेल्या पावसाळ्यात माझी जुनी मोटरसायकल अर्ध्या टाकीवरच झाकून ठेवली आणि दसऱ्याला झाकण उघडून टॉर्च मारला, तेव्हा पेट्रोलच्या रेषेच्या वर तांबूस पट्टा उमटलेला दिसला. नाशिकच्या सातपूरमधील एका छोट्या गॅरेजने टाकी उतरवून त्यात फॉस्फरिक आम्लाचे द्रावण भरले, नंतर ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच गरम हवेने वाळवली. हा शेवटचा टप्पा रेंगाळला, तर उघड्या ओल्या पत्र्यावर पुन्हा गंज धरतो. काम चोख झाले. मात्र पेट्रोल कॉकचे जुनेच वॉशर बसवल्यामुळे दोन दिवस थेंब थेंब गळती होती, जी त्यांनी तक्रार करताच विनामूल्य दुरुस्त केली. आतून लेप देण्याचा त्यांचा आग्रह मी मानला नाही, कारण पत्रा पूर्ण स्वच्छ नसेल तर लेपाचे पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरकडे जातात. मेकॅनिकचा एक सल्ला मात्र पटला: थोड्या दिवसांसाठी गाडी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही, पण २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल ओलावा शोषून घेते, त्यामुळे अनेक महिन्यांच्या मुक्कामासाठी टाकी रिकामी करून, वाळवून, आत थोडे इंजिन ऑइल फिरवलेले बरे.