धुळ्यातलं झेंड्यांचं दुकान: कापड एक नंबर, लाल रंग मात्र आधी भिजवून बघा

वनहक्काच्या, म्हणजे आदिवासी कसतात त्या जंगलजमिनीच्या हक्काच्या मोर्चासाठी नंदुरबारला 200 लाल झेंडे पाहिजे होते म्हणून धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतलं जुनं दुकान गाठलं. झेंडे, उपरणी, टोप्या, बिल्ले, पताका, प्रचाराचं सगळं सामान तिथे मिळतं. ऑनलाईन स्वस्त मिळतात मान्य, पण ते सॅटिनचे, काठीवरून सरकतात आणि वाऱ्यात दोन तासांत कड उसवते. इथे सुती कापड, डबल शिलाई, काठी घालायचा नेफा चांगला रुंद. दोन बाय तीन फुटी झेंडा 60 रुपयांना पडला, मला तो भाव बरोबर वाटला.

स्टेजसमोरच्या खांबासाठी एक मोठा झेंडाही सांगितला तर मालक आबांनी दोनदा विचारलं, कप्पी नीट फिरते ना? मग जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचं सांगायला लागले. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, अध्यक्ष नेहरू, शेतसारा आणि कुळांचे ठराव झाले, म्हणजे तसं डावीकडे झुकलेलंच अधिवेशन, आणि झेंडा वर चढताना मधेच अडकला. शिरपूरच्या किसनसिंग नावाच्या पोराने खांबावर चढून तो सोडवला. हा पोरगा संघाचा स्वयंसेवक होता आणि संघाचे संस्थापक हेडगेवारांनी त्याचं कौतुक केलं असं संघाच्या साहित्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे दोन टोकं एकाच खांबाजवळ भेटलेली आहेत, हे मला तिथे कापड मोजताना पहिल्यांदा नीट जाणवलं.

दुकानात भगवा, तिरंगी, निळा, लाल असे गठ्ठे शेजारी शेजारी. शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली तेव्हा चिन्हं बदलली आणि छापून ठेवलेला बराच माल पडून राहिला म्हणे. आबा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, कापड तेच शे, रंग बदलस."

मला हे पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. रंग बदलतो हे खरं. 1957 ला आख्ख्या देशात जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे, चारच खासदार आले त्यातले एक आपले पश्चिम खान्देशचे उत्तमराव पाटील, आणि तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत जनसंघ आणि कम्युनिस्ट एकाच मांडवात होते. पुढे सत्तरच्या दशकात शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने भिल्ल मजुरांना, जमीन गेलेल्यांना उभं केलं. 1978 ला शरद पाटलांनी मार्क्सवादी पक्ष सोडून इथेच सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, कारण वर्ग बोलायचं आणि जात सोडायची हे त्यांना मान्य नव्हतं. मग नंदुरबारला माणिकराव गावितांच्या नऊ टर्मनंतर 2014 ला भाजप आला, 2024 ला परत काँग्रेस. धुळ्यात त्याच वर्षी काँग्रेस 3,831 मतांनी आली आणि सहा महिन्यांत विधानसभेला खान्देशातल्या 20 पैकी 19 जागा महायुतीला, राहिलं फक्त नवापूर. (काँग्रेसला डावं म्हणावं का हा वेगळाच वाद, मी तरी म्हणत नाही.)

पण जमीन कसणाऱ्याला रंगाने फरक पडतो. वनहक्क कायदा 2006 ला झाला तेव्हा दिल्लीतलं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं, आणि त्याच कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा हक्क आला. आधी वर्षानुवर्षं मोर्चे झाले म्हणून तो आला, आपोआप नाही. आणि मंजुरीनंतर सातबारासाठी जो फिरतो, ग्रामसभेत ठराव लिहून देतो, त्याच्याकडे माणसं सरकतात, मग तो भगवा असो की लाल. आमचे डावे लोक तिथे कमी पडले म्हणून पाडे हातातून गेले, हे मी आबांनाही सांगितलं. ते ऐकत राहिले, चहा मागवला, एकदाही थट्टा केली नाही. गिऱ्हाइकाचा पक्ष बघून भाव बदलणारी दुकानं मी पाहिलीत, इथे तसं नाही. आमच्याआधी एक भाजपचा कार्यकर्ता उपरणी घेत होता, त्याला आणि आम्हाला एकच रेट.

आता तक्रार. माल एक दिवस उशिरा मिळाला आणि मोर्चाच्या दिवशी पाऊस आला तर झेंड्यांचा लाल रंग उतरला, म्हाताऱ्या बायांची लुगडी लाल झाली, एका मावशीचं तर नवीन होतं आणि मला फार वाईट वाटलं कारण ती तळोद्याहून सकाळी पाचला निघाली होती. फोन केला तर आबांनी हुज्जत घातली नाही, रंग उतरलेले 40 झेंडे बदलून दिले, लुगड्याचे पैसे पण देतो म्हणाले, ते आम्ही घेतले नाहीत. पण पक्का रंग आहे असं आधी सांगितलं होतं, ती चूकच.

चार स्टार देतोय. ऑर्डर किमान आठ दिवस आधी द्या, निवडणुकीच्या तोंडावर तर वीस दिवस धरा, आणि एक झेंडा रात्रभर बादलीत भिजवून मगच बाकीचे उचला. गल्लीत गाडी लागत नाही, मेन रोडलाच लावा.