सूनरसेफचं अनुदान आणि गॅरेजमधलं पेव

आम्ही राहतो मूरला, ओक्लाहोमात. 3 मे 1999 आणि 20 मे 2013, दोन्ही वेळा सगळ्यांत वरच्या श्रेणीचा टोर्नेडो याच गावावरून गेला. दुसऱ्या वेळी 24 माणसं दगावली. इथल्या घरांना तळघर सहसा नसतं. म्हणून घर घेतल्यावर सोफ्याच्या आधी आम्ही सूनरसेफमध्ये, म्हणजे टोर्नेडोत लपायच्या शेल्टरसाठी अनुदान देणाऱ्या योजनेत, नाव घातलं.

राज्याची ही योजना शेल्टरच्या खर्चाचे 75 टक्के परत देते. आमच्या वेळी मर्यादा 2,000 डॉलरची होती. आधी येईल त्याला आधी, असं इथे नाही. सोडत निघते, आपल्या म्हाडासारखी. नाव लागलं की कळवतात, आणि त्याआधी खड्डा खणला तर छदाम मिळत नाही. आमच्याकडे आलेला पहिला विक्रेता मात्र म्हणत होता, "आज खणून टाकू, कागदपत्रं मागाहून." त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

नाव लागल्यावर दुसऱ्याकडून गॅरेजच्या जमिनीत सहा माणसांचं पोलादी शेल्टर बसवलं, वर सरकतं झाकण. ताशी 250 मैलांचा वारा सोसेल असं, फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-निवारण संस्थेच्या, निकषांत बसणारं. खर्च 3,500 डॉलर. 75 टक्क्यांचे 2,625 होतात, हातात आले 2,000. तेही आधी सगळे आपण मोजायचे, मग पावत्या जोडायच्या. ज्याच्या गाठीला एवढी रक्कम नाही, त्याला सोडतीत नाव लागून उपयोग काय? म्हणून या योजनेला मी पाचातले चारच तारे देते.

आई सांगलीहून आली तेव्हा झाकण सरकवून दाखवलं. वाकून बघत म्हणाली, "अगं, हे तर हरिपूरचं हळदीचं पेव!" आणि लगेच, "आत जीव नाही ना कोंडणार?" जमिनीखालचं पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो, हे तिकडे पोराटोरांनाही ठाऊक. हवेची भोकं दाखवली, तेव्हा कुठे तिला पटलं.

बसवून झालं की गावाच्या कार्यालयात शेल्टरची नोंद मात्र करा. घर वर कोसळलं तर मदतीला येणाऱ्यांना कुठे शोधायचं ते कळतं.

शनिवारी दुपारी 12 ला सायरनची चाचणी असते, तेव्हा आम्ही उतरायचा सराव करतो. पायऱ्या फार उभ्या आहेत. आई पाठमोरी, एकेक पायरी पायाने चाचपत उतरते. मागच्या शनिवारी तिला चार मिनिटं लागली.