सायकल टपावर की डिकीवर?

पुण्याहून वाईला सायकली न्यायच्या तर माझी पसंती टपावरच्या रॅकलाच. डिकीला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक स्वस्त, पाच मिनिटांत लागतो, सायकल कमरेएवढीच उचलावी लागते. पण हॅचबॅकच्या स्पॉयलरवर (मागच्या काचेवर पुढे आलेल्या पट्टीवर) त्याचे हूक नीट बसत नाहीत, शिवाय नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. रात्री घाटात मागच्याला आपला ब्रेकलाइटच दिसला नाही तर? एकदा खंबाटकी घाट चढण्याआधी चहाला थांबलो, सहज पट्टा ओढून पाहिला, तर बोटभर सैल! पेडल रंगावर घासून पार पत्रा दिसत होता. तेव्हापासून दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे ताणतोच, आणि चाकं व हँडल वेगळ्या दोरीने बांधतो.

टपावर दिवे मोकळे, डिकीही उघडते. पंधरा किलोची सायकल डोक्यावर उचलायला मात्र दोघं हवेत. गाडीच्या पुस्तकात टपाची वजनमर्यादा बघा. रॅकचं वजनही त्यातच धरायचं. ई-सायकल असेल तर बॅटरी काढून आत ठेवा. आणि उंची! दीड मीटरची गाडी अडीच मीटरच्या पुढे जाते. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी हे हमखास विसरतं, म्हणून मी स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवतो: ‘वर सायकल आहे’.