जावाचा रविवारचा क्लास: फी वसूल, पण शेवट गुंडाळला

जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासने (कोडच्या साच्याने) दुसऱ्याच्या मेथड (त्यातली ठरलेली कामं) वारशाने घेणं, शिकवणाऱ्या पुण्यातल्या या क्लासचे 8 रविवार काल संपले म्हणून लिहितोय. इंजिनिअरिंगला इन्हेरिटन्स म्हणजे ॲनिमल, त्याचा डॉग, डॉग भुंकतो, झालं, 5 मार्क खिशात. नोकरीत कुत्रं कोणी भुंकवत नाही, तिथे बेस क्लास (ज्याचा वारसा घेतला तो), त्याच्यावर अजून एक बेस क्लास, आणि सगळ्यात वर कधीच सोडून गेलेल्या कोणीतरी लिहिलेली मेथड, जिला हात लावायची कोणाची टाप नाही.

इथे तिसऱ्या रविवारी सर सरळ जावाच्या लायब्ररीतच (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) घुसले. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, वरून ठेवा वरून काढा, बरोबर? पण जावाचा स्टॅक व्हेक्टरला (कुठेही घाला-काढा चालणाऱ्या यादीला) एक्स्टेंड करतो, म्हणजे त्याचा वारस होतो, त्यामुळे व्हेक्टरच्या पब्लिक मेथड आयत्याच मिळतात, आणि सरांनी ॲड या मेथडला इंडेक्स 0, म्हणजे पहिली जागा, देऊन चळतीच्या एकदम तळाशी ताट सरकवून दाखवलं, कोड तपासणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही! मी 4 वर्षं जावा लिहितोय, कधी डोक्यातच आलं नव्हतं. स्टॅकऐवजी डेक (दोन्ही टोकांनी घाला-काढा होणारी रांग) वापरा असं जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, तेही लगेच उघडून दाखवलं. सर म्हणाले, वारस म्हणून नाव लागलं की सातबाऱ्यावरचा बोजापण आपल्याच गळ्यात.

मग हॅशसेटचा (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या साठ्याचा) प्रयोग, किती आयटम टाकले ते मोजायला त्याचा सबक्लास, म्हणजे वारस क्लास, बनवला, ॲड (एक आयटम टाकणारी) आणि ॲडऑल (अनेक टाकणारी) दोन्ही ओव्हरराइड केल्या, म्हणजे आपल्या पद्धतीने परत लिहिल्या, दोन्हीत काउंटर वाढवला, ॲडऑलने 3 आयटम टाकले तर काउंटर म्हणतो 6. का, तर पॅरेंटची ॲडऑल आतून ॲडलाच बोलावते, मग प्रत्येक आयटम दोनदा मोजला जातो. एक्स्टेंड न करता सेट आत फील्ड म्हणून ठेवला आणि काम त्याच्याकडे ढकललं की आकडा बरोबर येतो, हे आमच्याकडून लिहून घेतलं. पण इन्हेरिटन्स वाईटच असं काही डोक्यात भरवत नाहीत हां, स्वतःचं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) बनवायचं तर एक्स्टेंड करावंच लागतं.

तक्रार एकच पण मोठी, शेवटचे दोन रविवार चक्क गुंडाळले. जावा 17 मधले सील्ड क्लास, म्हणजे मला कोण एक्स्टेंड करणार ते मीच ठरवणार, हा खरंतर अख्ख्या विषयाचा पुढचा भाग, तो 10 मिनिटांत उरकला आणि कबूल केलेलं प्रोजेक्ट झालंच नाही.

फ्रेशर असाल तर आधी जरा कोड लिहून मग जा, नाहीतर डोक्यावरून जाईल. आणि लांब वायरचा चार्जर न्या, प्लग फक्त मागच्या भिंतीला आहेत.