रेल्वेचा पास की शेतावरचा मुक्काम? युरोपात पहिल्यांदा एकट्याने जाताना

युरोपात पहिल्यांदा एकट्याने जायचंय, हाताशी तीन-चार आठवडे आहेत आणि पैसे बेताचेच आहेत. अशा वेळी दोन वाटा समोर येतात. रेल्वेचा पास काढून देशामागून देश बघत जायचं, किंवा एखाद्या सेंद्रिय शेतावर राहून रोज काही तास राबायचं आणि त्या बदल्यात जेवण आणि निवारा मिळवायचा. मी वेगवेगळ्या वर्षी दोन्ही केलंय. दोन्हींबद्दल बोलताना लोक आधी पैशांचं बोलतात. मला मात्र मोठा फरक दुसरीकडे जाणवला: रोज किती निर्णय घ्यावे लागतात, आणि संध्याकाळी जेवायला तुमच्यासोबत कोण असतं.

पास: कागदावर आणि रुळावर

युरेल पास 1959 पासून मिळतो. तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठीचा इंटररेल 1972 मध्ये निघाला, तेव्हा तो फक्त 21 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना मिळायचा. आज ग्लोबल पासवर, म्हणजे सगळ्या सहभागी देशांत चालणाऱ्या पासावर, 33 देशांत फिरता येतं आणि 27 वर्षांपर्यंत तरुणांची सवलत लागू होते. पास ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी तुम्हाला 28 पूर्ण झालेली नसली म्हणजे झालं. त्यामुळे वाढदिवस तोंडावर असेल तर तारीख नीट बघा.

पास दोन प्रकारचे असतात. सलग पासात ठरलेल्या मुदतीत रोज फिरता येतं. दुसऱ्यात दोन महिन्यांतले, समजा, 10 दिवस प्रवासाचे असतात आणि ते कोणते हे तुम्ही ठरवता. पहिल्या प्रवासाला मी डोळे झाकून हा दुसरा प्रकार सांगेन. सलग पास हातात असला की 'आजचा दिवस वाया जातोय' असं वाटत राहतं आणि माणूस उगाच गाडीत बसतो. माझ्याबरोबर हॉस्टेलमध्ये, म्हणजे प्रवाशांसाठीच्या स्वस्त, एका खोलीत अनेक खाटा असलेल्या निवासात, राहिलेला एक मुलगा नऊ दिवसांत सात शहरं करून आला होता. त्याला त्यातल्या दोन शहरांची नावं आठवायला फोनमधले फोटो काढावे लागले.

पास म्हणजे सगळ्या गाड्या मोकळ्या, हा सर्वांत मोठा गैरसमज. फ्रान्सची वेगवान टीजीव्ही, इटली आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्या, लंडनला पॅरिसशी जोडणारी युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांना पास असूनही वेगळं आरक्षण करावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात, त्या भर उन्हाळ्यात लवकर संपतात. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरावर चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर पासामुळे फक्त सवलत मिळते. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स इथल्या दिवसाच्या बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येतं. थोडक्यात, पॅरिस-बार्सिलोना-रोम असा बेत असेल तर प्रत्येक प्रवासाची सुटी तिकिटं आधीच काढलेली बरी. म्युनिक-साल्झबुर्ग-व्हिएन्ना-बुडापेस्ट अशा बाजूला जायचं असेल तर पासाचं चीज होतं.

पासाची खरी मजा मला संथ मार्गांवर आली. व्हिएन्नाहून ग्रात्सकडे जाताना सेमरिंगचा घाट लागतो. 1854 मध्ये बांधून झालेली ही रेल्वे आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी कमानींच्या दुमजली पुलांवरून गाडी वळणं घेत जाते तेव्हा आपल्याच गाडीचे पुढचे डबे खिडकीतून दिसतात. स्लोव्हेनियात येसेनित्सेहून नोवा गोरित्साकडे जाणारी 1906 ची बोहिन्य रेल्वेही तशीच. शेवटाकडे ती सोच्या नदीवरच्या सोल्कानच्या पुलावरून जाते, आणि त्या पुलाची 85 मीटरची दगडी कमान रेल्वेपुलांमध्ये जगात सर्वांत मोठी आहे. इथे घाई करणारं कोणी नसतं. वाटेत एखादं स्टेशन आवडलं तर उतरायचं आणि पुढची गाडी घ्यायची. ही मोकळीक सुट्या स्वस्त तिकिटावर मिळत नाही.

रात्रीच्या गाडीचा एक नियम पाठच करून ठेवा. मध्यरात्रीपूर्वी निघून सकाळी पोचणाऱ्या थेट गाडीला पासातला एकच दिवस लागतो, तोही निघण्याचा. पण सकाळी उतरून लगेच दुसरी गाडी धरली की दुसराही दिवस गेला.

शेत: पाच तास काम, बाकीचा दिवस तुमचा

'वूफ' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना गावाकडचं आयुष्य जवळून बघायचं होतं, पण तशी सोय नव्हती. त्यांनी ससेक्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवार काम करण्याची व्यवस्था केली आणि तिथून हे पसरत गेलं. आज अनेक देशांच्या स्वतंत्र संघटना आहेत. त्या त्या देशाचं सदस्यत्व घेतलं की शेतांची यादी दिसते. साधारण चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायची जागा. पगार नाही.

कामात काव्य कमीच असतं. तण उपटायचं, वाफे करायचे, शेळ्यांखालचं साफ करायचं, लाकडं रचायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी, त्यानंतर ऑलिव्ह. पहिले तीन दिवस पाठ बोलते. चौथ्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की 'आज कुठे राहायचं, काय बघायचं, कुठली गाडी पकडायची' यातलं काहीच सकाळपासून डोक्यात आलेलं नाही. संध्याकाळी एका लांब टेबलाभोवती सगळे जेवायला बसायचे आणि घरातली आजी मला भाज्यांची नावं तिच्या भाषेत घोकून घ्यायची. हॉस्टेलमध्ये रोज नव्या माणसाला तीच तीन उत्तरं द्यावी लागतात: कुठून आलास, कुठे चाललास, किती दिवस. शेतावर दुसऱ्या आठवड्यात हे प्रश्न संपलेले असतात आणि खरं बोलणं सुरू होतं.

पण सगळी शेतं अशी नसतात. एका ठिकाणी ठरलेल्या पाच तासांचे नऊ झाले आणि सुट्टीचं नाव निघेना. तिसऱ्या दिवशी मी निघालो, कारण दोन रात्रींच्या हॉस्टेलचे आणि तिकिटाचे पैसे मी वेगळे ठेवले होते. हे पैसे बाजूला नसतील तर शेताचा पर्याय निवडूच नका. जाण्याआधी यजमानाशी व्हिडिओवर बोला आणि सरळ विचारा: तास किती, आठवड्याला सुट्टी किती, खोली स्वतंत्र आहे का, तिला आतून कडी आहे का, सोबत आणखी कोण आहे, स्टेशन किती लांब, रविवारी बस असते का. मुलींनी तर कडीचा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नये. ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे जायचं नाही. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचा. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या आणि खराब झाले तरी चालतील असे बूट न्या.

व्हिसा: इथे निकाल फिरतो

ज्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो त्यांच्यासाठी ही तुलना बरोबरीची राहत नाही. जेवण-निवाऱ्याच्या बदल्यात केलेलं काम अनेक देशांच्या कायद्यात कामच धरलं जातं, आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. 'मी फक्त मदत करणार आहे' हे सीमेवरच्या अधिकाऱ्याला पटेलच असं नाही. नाही पटलं तर परत पाठवणी होऊ शकते आणि ती नोंद पुढच्या अर्जांत तुमच्या मागे लागते. म्हणून खोटं सांगून शेतावर जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. काही देश साधारण 18 ते 30 वयाच्या तरुणांना काम करत फिरण्याचा वेगळा व्हिसा देतात. तुमच्या पासपोर्टवर तो मिळत असेल तर त्या देशाचा पर्याय आधी तपासा. तेव्हा शेताचं पारडं एकदम जड होतं.

पासालाही व्हिसाची झळ लागते, फक्त वेगळी. पास म्हणतो मनाला येईल तिकडे जा, आणि व्हिसाचा अर्ज म्हणतो आधी सगळ्या रात्री दाखवा. अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री आहेत त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे प्रथम शिरणार त्या देशाकडे. त्यामुळे बेत करतानाच एक देश मुख्य ठेवा, आणि रद्द करता येतील अशीच बुकिंग्ज करा. 180 दिवसांच्या कोणत्याही काळात जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, पण व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असू शकतात. तेच पाळायचे. पासात ब्रिटन, तुर्कस्तान, सर्बियाही आहेत, ते शेंगेनमध्ये नाहीत. मधेच तिकडे जाऊन परत यायचं असेल तर त्यांच्या परवानगीबरोबर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागेल. विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

कोणी काय घ्यावं

पर्यटक व्हिसा आणि तीन-चार आठवडे असतील तर पास घ्या, पण शेतावरचा संथपणा त्यात आणा. 10 प्रवासदिवसांत चारच मुक्काम ठेवा, प्रत्येकी पाच-सहा रात्री, आणि उरलेल्या दिवसांत तिथूनच सकाळी जाऊन रात्री परत या. पासाआधी सुट्या तिकिटांची बेरीज एकदा करून बघा. चारपैकी तीन प्रवास वेगवान गाड्यांचे निघाले तर पास सोडून द्या.

रीतसर परवानगी आणि दोन-तीन महिने असतील तर शेत निवडा, पण त्याने सुरुवात करू नका. आधी आठवडाभर फिरा, परक्या ठिकाणी स्वतःचं स्वतः निभावतं हे कळू द्या, मग शेतावर जा. एकटं राहायची फार भीती वाटणाऱ्यांनाही मी शेतच सुचवेन, फक्त जिथे आणखी दोघं-तिघं मदतनीस असतील असं. आणि ज्यांना सकाळी कोणी उठवलेलं, काम सांगितलेलं सहन होत नाही, त्यांनी यजमानाचा आणि स्वतःचा वेळ घालवू नये.

कुठलाही मार्ग घेतलात तरी पहिल्या दोन रात्रींची खाट निघण्याआधीच पक्की करा, तीही स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. आणि कुलूप सोबत न्या, बहुतेक हॉस्टेलांत लॉकर असतो पण त्याचं कुलूप आपलं आपल्याला लावावं लागतं.